वॉटर पंप नवा बसवूनही गळती थांबत नसेल तर : बोल्ट, सीलंट आणि तपासणीचा क्रम

वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा पंप, बदलून महिना होत नाही तोच त्याच जागी पुन्हा ओल दिसते, मग नव्या पंपालाच दोष देऊन आणखी एक पंप आणला जातो आणि काही दिवसांनी तोही गळू लागतो. इंदूरमधील आमच्या गॅरेजात हा प्रकार मी गेली बावीस वर्षे पाहत आलो आहे. जीप, व्हॅन, मालवाहू टेम्पो, ट्रॅक्टर, लग्नकार्यांना भाड्याने जाणारे डिझेल जनरेटर, कोणतेही इंजिन त्याला अपवाद नाही. खराब म्हणून काढून टाकलेले हे पंप बाकावर ठेवून तपासले की त्यांतले बहुतेक ठणठणीत निघतात. दोष सापडतो तो चुकीच्या भोकात गेलेल्या बोल्टमध्ये, नाहीतर जिथे नको तिथे लावलेल्या सीलंटमध्ये, म्हणजे जोडातून पाणी झिरपू नये म्हणून लावायच्या लेपात. म्हणून या लेखात पंपापेक्षा त्याला धरून ठेवणाऱ्या चार-सहा बोल्टांचा आणि ते ज्या भोकांत जातात त्या भोकांचा विचार अधिक केला आहे.

लक्षणे

सर्वात आधी जाणवते ती कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी हळूहळू उतरणे. आधी पंधरवड्याने, मग दोन दिवसांआड टाकीत भर घालावी लागते. गाडीखाली मात्र डाग दिसत नाही, कारण गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचण्याआधीच सुकून जातो. त्याची खूण मागे राहते ती पंपाच्या कडेला किंवा एखाद्या बोल्टच्या डोक्याभोवती जमलेल्या पांढरट, हिरवट अथवा गुलाबी खरपुडीच्या रूपाने. बॉनेट उघडताच गोडसर वास येणे, पंपाचा पट्टा ओला होऊन सकाळी चिरकणे, ही त्याच दोषाची आणखी काही लक्षणे होत.

एक लक्षण विशेष लक्ष देऊन पाहावे. गळती इंजिन थंड असताना दिसते आणि इंजिन तापल्यावर थांबते, की तापल्यावरच सुरू होते? ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे पंप ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचे असतील तर इंजिन तापल्यावर जोड आपोआप अधिक आवळला जातो. थंडपणी गळणारा आणि गरम झाल्यावर कोरडा होणारा जोड म्हणूनच मुळात पुरेसा आवळलेला नाही असे समजावे. याउलट, फक्त तापल्यावर आणि चढावर गळणारा जोड आतील दाबाला तोंड देऊ शकत नाही. तिथे सीलंट, गॅस्केट (जोडाच्या दोन भागांमध्ये बसणारा पातळ थर) किंवा रेडिएटरचे झाकण यांच्याकडे आधी पाहावे. आमच्याकडील अनेक गाड्या शहरात वर्षभर शहाण्यासारख्या चालतात आणि ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर पहिल्यांदा तापमानाचा काटा वर चढतो, त्याचे कारण हेच असते.

इंजिन ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा झाला असेल, किंवा सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर सतत येत असेल, तर पुढील कोणतीही तपासणी करू नये आणि इंजिन पुन्हा सुरूही करू नये. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

खर्च नसलेल्या तपासण्या

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सुरुवात करावी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातले पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळते; ०.९ बार दाबाचे झाकण तोच उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या जवळ नेते. गरम इंजिनाचे झाकण उघडताक्षणी दाब जातो आणि ११० अंशांचे पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येते. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत, म्हणून हे वाक्य औपचारिकता म्हणून लिहीत नाही.

झाकण काढले की त्यावरील आकडा वाचावा. तो बहुधा ०.९, १.१ किंवा पौंडांच्या मापात १३, १५ असा असतो. तो आपल्या इंजिनासाठी सांगितलेलाच आहे ना, खालच्या रबराला चिरा पडलेल्या नाहीत ना, स्प्रिंग दाबल्यावर परत उठते ना, एवढे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. गाडी तापते म्हणून जास्त दाबाचे झाकण बसवण्याची सवय आपल्याकडे आहे. त्या वाढीव दाबाने सर्वात कमजोर जोड आधी फुटतो, आणि हा जोड पुष्कळदा नुकत्याच बसवलेल्या पंपाचा असतो. सीलंट अजून कच्चे असेल तर नक्कीच.

त्यानंतर पंपाच्या वरून जाणारे सर्व होज आणि त्यांचे क्लॅम्प पाहावेत. वरच्या होजमधून निघालेले पाणी खाली पंपावर ओघळते आणि पंख्याचा वारा ते चहूकडे उडवतो. मग सगळा ठपका पंपावर येतो. पंप आणि आसपासचा भाग कोरड्या कापडाने स्वच्छ पुसून त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी, इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करावे आणि थंड झाल्यावर ओल्या रेघेचा वरचा शेवट कुठे आहे ते पाहावे. रेघ जिथून सुरू होते तिथे दोष असतो, जिथे थेंब लोंबतो तिथे नव्हे. पावडर भुरभुरताना आणि पाहताना इंजिन बंदच असले पाहिजे. फिरत्या पंख्याजवळ हात, कापड किंवा गळ्यातील उपरणे नेऊ नये.

पंपाच्या खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते, ज्याला कारागीर वीप होल म्हणतात. पंपाच्या आतील सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये ते मुद्दाम ठेवलेले असते, म्हणजे सील झिजली तर पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडते. नवा पंप बसवल्यावर सील जागेवर बसेपर्यंत या छिद्रातून एखाद-दुसरा थेंब येऊ शकतो. थेंब चालूच राहिले तर मात्र पंपच सदोष आहे आणि बोल्ट-सीलंटचा कोणताही उपाय त्यावर चालणार नाही. हे छिद्र इपॉक्सी पुट्टीने बुजवलेले पंप माझ्याकडे आले आहेत. त्यांतील बेअरिंग गंजून पंखा डगमगू लागला होता. पंखा सुटला तर रेडिएटर फाडतो. छिद्र कधीही बुजवू नये.

थोड्या खर्चाची तपासणी : दाब देऊन पाहणे

हातपंपासारखा प्रेशर टेस्टर रेडिएटरच्या तोंडाला बसवून, थंड इंजिनातच, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यावा आणि पंधरा मिनिटे काटा पाहत बसावे. झाकणाच्या आकड्यापेक्षा जास्त दाब देऊ नये. उपकरण विकत घेण्याची गरज नाही. ओळखीच्या गॅरेजात ते तासाभरासाठी मिळते. इंजिन बंद असल्याने वारा नसतो, पट्टा फिरत नसतो आणि पाणी नेमके कुठून येते ते टॉर्चच्या उजेडात दिसते. काटा उतरतो आहे आणि बाहेर कुठेच ओल नाही, अशी स्थिती असेल तर पाणी इंजिनाच्या आत जात आहे, तिथेच थांबावे.

पाणी दिसले तर ते तीनपैकी कोणत्या ठिकाणी आहे यावर पुढचे सर्व अवलंबून असते. बोल्टच्या डोक्याखालून पाणी झिरपत असेल तर त्या बोल्टचे भोक आत पाण्याच्या कप्प्यात उघडते आहे आणि त्याच्या आट्यांना सीलंट लावलेले नाही. एका बोल्टच्या शेजारीच जोडाच्या कडेतून पाणी येत असेल आणि तो बोल्ट हाताला घट्ट लागत असेल, तर बोल्ट भोकाच्या तळाला टेकला असण्याची शक्यता सर्वात मोठी. आणि दोन बोल्टांच्या मधल्या भागातून पाणी येत असेल तर पृष्ठभाग वाकडा किंवा खडबडीत आहे, गॅस्केट फाटले आहे अथवा सीलंटची रेघ तुटलेली आहे.

ही तीन ठिकाणे कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. गळती दिसली की सगळे बोल्ट आणखी अर्धा फेरा आवळायचे, ही पद्धत मी नव्या मुलांकडून सर्वात आधी सोडवतो. तळाला टेकलेला बोल्ट आणखी आवळला तर एक तर तो तुटतो किंवा ब्लॉकचे (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाचे) आटे उपटून येतात, आणि तीनशे रुपयांचे काम खरादीच्या, म्हणजे लेथवाल्याच्या, दारात जाते.

बोल्ट : प्रत्येक भोकाची ओळख

पंप काढण्याची वेळ आलीच तर प्रथम पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढावा, बोल्टांच्या जागी भोके पाडावीत आणि निघेल तो बोल्ट आपापल्या भोकात खोचून ठेवावा. एकाच पंपावर २५, ३५ आणि ६० मिलिमीटर लांबीचे बोल्ट असणे अगदी सामान्य आहे, कारण काही बोल्ट फक्त पंपाचा कान (बोल्टचे भोक असलेला कडेचा भाग) धरतात तर काही अल्टरनेटरचा ब्रॅकेटही सोबत धरतात. डब्यात एकत्र टाकलेले बोल्ट परत लावताना अंदाजाने लावले जातात, आणि गळतीच्या निम्म्या कहाण्या त्या डब्यातच सुरू होतात.

भोके दोन प्रकारची असतात. बंद भोकाला तळ असतो. आरपार भोक पाण्याच्या कप्प्यात, क्वचित ऑइलच्या बाजूला उघडते. बारीक तार आत घालून दोन्ही लगेच ओळखता येतात: तार टेकली तर भोक बंद, आत जातच राहिली तर आरपार. प्रत्येक भोकाजवळ पुठ्ठ्यावर तशी खूण करावी आणि बंद भोकाची खोली तारेवर नखाने धरून मिलिमीटरमध्ये लिहावी. या पाच मिनिटांच्या नोंदीवर बोल्टची लांबीही ठरते आणि सीलंटही.

लांबीचा हिशेब साधा आहे. बोल्टच्या लांबीतून पंपाच्या कानाची जाडी, गॅस्केट आणि वॉशर वजा केले की ब्लॉकमध्ये किती आटे बसतात ते मिळते. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ही पकड बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट असावी, दुप्पट असल्यास उत्तम. म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १२ ते १६ मिलिमीटर. बिडाच्या ब्लॉकमध्ये थोडे कमी चालते. दुसऱ्या बाजूने, बोल्टचे टोक बंद भोकाच्या तळापासून किमान २ मिलिमीटर दूर राहिले पाहिजे. समजा पंपाचा कान १८ मिलिमीटर जाड आहे आणि भोकातील आटे २० मिलिमीटर खोल आहेत. ३५ चा बोल्ट १७ मिलिमीटर आत जातो, तो योग्य. ३० चा बोल्ट १२ आत जातो, तो जेमतेम. ४० चा बोल्ट २२ आत जाऊ पाहतो आणि २० वरच अडतो. पान्याला तो दगडासारखा घट्ट लागतो, पण डोके आणि कान यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची फट असल्याने जोडावर त्याचा काडीचाही दाब नसतो.

आता हे ध्यानात घ्यावे की जुने बोल्ट जुन्याच भोकांत परत लावले तरी हा दोष उद्भवू शकतो. बाजारात मिळणाऱ्या पर्यायी पंपांपैकी काहींचा कान मूळ पंपापेक्षा दोन-तीन मिलिमीटर पातळ ओतलेला असतो. काल बरोबर असलेला बोल्ट मग आज तळाला टेकतो. म्हणून नवा आणि जुना पंप शेजारी ठेवून प्रत्येक कानाची जाडी व्हर्नियरने मोजावी. व्हर्नियर नसेल तर गॅस्केट आणि सीलंट न लावता पंप कोरडाच जागेवर ठेवून प्रत्येक बोल्ट केवळ बोटांनी फिरवावा. सर्व बोल्टांची डोकी कानाला अलगद टेकली पाहिजेत. एखादे डोके वर राहिले तर लांबी चूक आहे, भोकात घाण आहे किंवा आटे जुळत नाहीत. ही कोरडी जोडणी मी आजही, शेकडो पंप बसवल्यानंतरही, एकदाही टाळत नाही.

बंद भोकात पंप काढताना पाणी किंवा ऑइल साचलेले असते, तेही कापडाने आणि हवेने पूर्ण काढावे. द्रव दाबला जात नाही. वरून बोल्ट उतरत गेला की तळाशी अडकलेला थेंब भोकाची भिंत फोडू शकतो. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा.

आट्यांच्या जातीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण आमच्या शहरात हा घोटाळा वारंवार होतो. सियागंजच्या हार्डवेअर दुकानांत आजही बोल्ट सुतांत मागितले जातात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, अर्थात ७.९४ मिलिमीटर. डोळ्यांना हा बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट एकच वाटतो. पण ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचे आटे १.२५ मिलिमीटर अंतरावर असतात, तर अडीच सुताच्या सामान्य बोल्टवर इंचात १८ आटे, म्हणजे सुमारे १.४१ मिलिमीटर अंतर असते. हा बोल्ट दोन-तीन फेरे सहज जातो, मग जड लागतो. जोर लावणारा समजतो की भोकात कचरा आहे. प्रत्यक्षात तो पोलादी बोल्टने ॲल्युमिनियमचे आटे खरवडत असतो. जुन्या जीप आणि काही ट्रॅक्टरांची इंजिने मुळातच इंचांच्या मापाची आहेत, तिथे चूक उलट दिशेने होते. ओळखीची खूण एकच: काढलेला मूळ बोल्ट आणि नवा बोल्ट आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरावेत. मध्ये प्रकाश दिसला तर तो बोल्ट परत करावा.

मागील उन्हाळ्यात रामबागेतील एक काका आपली डिझेल जीप घेऊन आले. वर्षभरात दोन पंप झाले होते आणि तिसरा डिक्कीत होता. टेस्टर लावल्यावर पाणी खालच्या डाव्या बोल्टच्या शेजारून आले. तो बोल्ट काढला तर शेंड्यावर तळाला घासल्याची चकाकी होती. इतर बोल्ट ३५ चे, हा ४० चा. वरच्या उजव्या भोकात अडीच सुताचा बोल्ट जबरदस्तीने घातलेला होता आणि त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा भरला होता. "काका, तिसरा पंप परत करून या, बसवलेला पंप चांगला आहे," असे मी म्हटले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. एक बोल्ट बदलला, दुसऱ्या भोकात खरादीकडून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घेतले आणि जुन्याच पंपावर नवे गॅस्केट घातले. या पावसाळ्यात ते जानापाव चढून आले, पाणी जागेवर आहे.

बोल्टचा दर्जाही पाहावा. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला, जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट बहुतेक पंपांना पुरतो. आकडा नसलेला बोल्ट इंजिनावर वापरू नये. चकचकीत स्टेनलेस बोल्ट लावण्याचा मोह होतो, पण ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्यात ओलावा शिरला की ॲल्युमिनियम झिजते आणि काही वर्षांत बोल्ट निघेनासा होतो. शिवाय बाजारात सहज मिळणारा स्टेनलेस बोल्ट ८.८ च्या बोल्टपेक्षा ताकदीने कमीच असतो.

सीलंट : जोड पाहून ठरवावे

सीलंट हा बोल्टच्या दाबाला पर्याय नाही, आणि जास्त सीलंट म्हणजे जास्त खात्री असेही नाही. बाहेर जेवढा लगदा दाबून निघतो तेवढाच आतही निघतो. तो सुटून पाण्याबरोबर फिरतो आणि थर्मोस्टॅटमध्ये (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेत) किंवा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. गळती थांबली पण गाडी तापू लागली, अशा तक्रारीत मी थर्मोस्टॅट उघडून सिलिकॉनच्या शेवया बाहेर काढल्या आहेत.

पंपाचा जोड रबरी ओ-रिंगचा असेल किंवा पत्र्यावर रबर चढवलेले गॅस्केट असेल, तर सीलंट अजिबात लावू नये. रबर दाबले जाऊन खाचेत फुगते तेव्हाच ते पाणी अडवते. सीलंटमुळे ते सरकते. ओ-रिंग बसवताना थोडे कूलंट किंवा साबणाचे पाणी लावावे. ग्रीस लावू नये, कारण कूलंटसाठी वापरले जाणारे बरेचसे रबर खनिज तेलाने फुगून मऊ होते.

कागदी गॅस्केट असेल तर इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तिकेत जे सांगितले आहे ते करावे. काही इंजिनांत ते कोरडेच बसवायचे असते, काहींत दोन्ही बाजूंना अतिशय पातळ लेप चालतो. पातळ म्हणजे गॅस्केटचा रंग लेपातून दिसेल इतका. या लेपाचे काम मुख्यतः गॅस्केटला जागेवर धरून ठेवणे हे आहे.

गॅस्केटच नसलेला, फक्त आरटीव्ही सिलिकॉनवर (ट्यूबमधून काढून लावायच्या, नंतर रबरासारख्या होणाऱ्या सीलंटवर) बसणारा जोड सर्वात जास्त काळजी मागतो. ट्यूबवर कूलंटसाठी योग्य असे स्पष्ट लिहिलेले असावे. रंगावरून निवड करू नये, कारण रंगांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे, खिडक्या-काचांसाठी मिळणारे सिलिकॉन इंजिनावर नको. त्यातून निघणारे आम्ल धातूला गंज चढवते. दोन-तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, म्हणजे पाण्याकडच्या बाजूने ओढावी आणि भोकांभोवती वळसा द्यावा. आरटीव्ही हवेतील ओलाव्याने घट्ट होते. त्यावर साय धरण्यास बहुधा दहा-पंधरा मिनिटेच लागतात, म्हणून पंप आणि बोल्ट हाताशी तयार ठेवूनच रेघ ओढावी. साय धरल्यावर पंप टेकवला तर जोड चिकटत नाही. पंप एकदा टेकवल्यावर सरकवू नये. सरकला तर सगळे पुसून पुन्हा सुरुवात करावी. पाणी भरण्याआधी ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण द्यावा. पूर्ण पक्के होण्यास साधारण एक दिवस लागतो, आणि घाईने त्याच संध्याकाळी गाडी नेणाऱ्यांची गळती परत येते.

आरपार भोकांच्या बोल्टांना आट्यांचे सीलंट हवे. यासाठी ॲनारोबिक प्रकारचे, धातूच्या आट्यांत हवा बंद झाल्यावर घट्ट होणारे सीलंट उत्तम. मध्यम ताकदीचे घ्यावे. कायमस्वरूपी पकडीचे लावले तर पुढच्या वेळी बोल्ट २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय सुटत नाही आणि ६ मिलिमीटरचा बोल्ट तर तुटतोच. नळकामाची पांढरी टेफ्लॉन पट्टी इथे वापरू नये, तिचे तुकडे पाण्यात जातात. बंद भोकांच्या बोल्टांना सीलंट लागत नाही, उलट तळाशी जमलेले सीलंट त्या पाण्याच्या थेंबाइतकेच घातक ठरते.

पृष्ठभाग आणि आवळणे

जुने गॅस्केट काढताना प्लॅस्टिकची खुरपणी आणि गॅस्केट सोडवणारे द्रावण वापरावे. ग्राइंडरवरील खरखरीत चकती लावू नये: ती ॲल्युमिनियममध्ये खळगा पाडते आणि तिची कठीण धूळ ऑइलमध्ये गेली तर बेअरिंग खाते. स्वच्छ पृष्ठभागावर सरळ पट्टी उभी ठेवून तिच्याखालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पानांचे माप) घालावे. ०.०५ मिलिमीटरचे पान जात नसेल तर पृष्ठभाग उत्तम आहे, ०.१ चे पान जात असेल तर विचार करावा. ज्यांनी वर्षानुवर्षे बोअरिंगचे जड पाणी घातले आहे त्यांच्या ब्लॉकवर पाण्याच्या तोंडाशी खड्डे पडलेले असतात. नर्मदेचे नळाचे पाणी त्यापेक्षा सौम्य असले तरी तेही रेडिएटरसाठी नव्हे. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच, बहुतेक इंजिनांत निम्मे-निम्मे, मिसळावे.

बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आणि तीन टप्प्यांत आवळावेत. अंतिम आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. अंदाज यावा म्हणून सांगतो, ८.८ दर्जाच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर आणि ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर असतो. १० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला फक्त ५ किलोंचा ओढ. तरुण हात सहज याच्या तिप्पट लावतो, म्हणून टॉर्क पाना भाड्याने का होईना आणावा. आणि आट्यांना ऑइल किंवा ओले सीलंट लागलेले असेल तर तोच आकडा बोल्टवर अधिक ताण देतो, कारण पान्यावरील जोराचा फार मोठा भाग घर्षणातच खर्च होत असतो. पुस्तिकेत कोरडा आकडा दिला असेल तर ओल्या बोल्टला तो कमी करावा.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर घरी हात घालू नये. बेल्ट एक दात जरी चुकला तरी अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बोल्टचे डोके तुटले आणि उरलेला तुकडा ब्लॉकमध्ये राहिला, तर ड्रिल हाती घेण्यापूर्वीच थांबावे. वाकडे पडलेले भोक पुढे कोणी सरळ करू शकत नाही. आवळताना बोल्ट घट्ट न होता फिरतच राहिला, म्हणजे आटे गेले. जाड सीलंट किंवा मोठा बोल्ट ठोकण्याऐवजी हेलिकॉइल बसवून घ्यावे. ब्लॉकवर तडा दिसला, पृष्ठभागावरील खड्डे नखाला अडकू लागले, अथवा टेस्टरचा काटा उतरला आणि बाहेर पाणी दिसले नाही, तरीही काम पुढे नेऊ नये.

ऑइल दुधाळ झाले असेल, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे सतत येत असतील, तर हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि त्यावरील सिलिंडर हेड यांच्यामधल्या गॅस्केटचा) संशय धरून गाडी टोचन करूनच न्यावी. पाण्याने पातळ झालेले ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही, आणि गॅरेजपर्यंतचे चार किलोमीटरही क्रँक खराब करण्यास पुरेसे असतात.

काम स्वतः पूर्ण केले असेल तर हीटर पूर्ण उघडा ठेवून आतील हवा काढावी, इंजिन एकदा तापवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावडरीची तपासणी पुन्हा करावी. आरटीव्हीचा जोड नंतर परत आवळू नये, धरलेली साय तुटते; कागदी गॅस्केटचा जोड पुस्तिकेत सांगितले असेल तरच, थंड इंजिनावर, पुन्हा तपासावा. काढलेले जुने कूलंट परातीत उघडे ठेवू नये आणि गटारीत ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. गल्लीतील कुत्री ते चाटतात, लहान मुलेही. झाकणाच्या डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजात विचारून द्यावे. आणि बोल्ट खोचलेला तो पुठ्ठा टाकून न देता त्यावर तारीख, प्रत्येक भोकाचा प्रकार, बोल्टची लांबी आणि नव्या पंपाच्या कानांची जाडी लिहून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. पुढच्या वेळी पंप काढणारा बहुधा दुसराच कोणी असेल.